पाटी पदार्थाची की माणसाची?

परदेशात काम मिळाल्याचं घरात सांगितलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो. आमच्या मिरजेच्या घरी तो दख्खनीत आला, "वहाँ खाएंगा क्या रे?" पगार, व्हिसा, राहण्याची सोय हे सगळं त्यानंतर. मग बॅग भरायला सुरुवात होते. कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी. आणि दर दोन दिवसांनी कोणीतरी ओळखीतल्या मुलाचा किस्सा घेऊन येतं, जो म्हणे वर्षभर ब्रेड आणि उकडलेल्या अंड्यांवर राहिला.

ऑफिसच्या कामासाठी मी तीन महिने सिंगापूरला होतो. मी आलिम नाही, सॉफ्टवेअर लिहितो. काय जायज आणि काय नाही यावर मी बोलणार नाही. ते ज्याने त्याने आपल्या समजुतीने आणि आपल्या जाणत्यांना विचारून ठरवावं. मला बोलायचं आहे ते पाटीबद्दल. खाण्याच्या जागी लावलेली पाटी काय सांगते? ताटात काय आहे ते, की ताट वाढणारा कोण आहे ते? एका टेबलावर बसता येईल की नाही हे बरंचसं या एका फरकावर ठरतं, असं माझं मत झालं आहे.

हा प्रश्न पोटापुरता राहत नाही, म्हणून त्यावर लिहितोय. आपल्यातली कितीतरी मुलंमुली आयटीत, बँकेत, हॉस्पिटलमध्ये कामाला लागली आहेत. टीमचं जेवण ठरलं की त्यांतली बरीच जण "मला जरा काम आहे" म्हणून बाजूला होतात. कारण सांगायचं अवघड वाटतं. ओळखी मात्र त्याच टेबलावर होतात, पुढचा प्रोजेक्ट कोणाला द्यायचा याची कुजबुज तिथेच होते, आणि आपण खुर्चीत एकटे डबा उघडून बसलेलो असतो.

सिंगापूर हा आकाराने आपल्या एखाद्या तालुक्याएवढा देश. २०२० च्या जनगणनेनुसार तिथल्या रहिवाशांत सुमारे ३१ टक्के बौद्ध, १९ टक्के ख्रिस्ती, १६ टक्के मुस्लीम, ९ टक्के ताओ, ५ टक्के हिंदू आणि २० टक्के लोक कोणताच धर्म न सांगणारे. चिनी, मलय, तमिळ आणि इतर. यातला कोणीतरी डुक्कर खात नाही, कोणी गाय खात नाही, कोणी मांसच खात नाही, कोणी कांदा-लसूण खात नाही. आणि बहुतेक सगळ्यांना रोज बाहेर खायची सवय आहे, कारण घरी रांधण्यापेक्षा बाहेरचं फार महाग पडत नाही.

हे बाहेरचं खाणं चालतं हॉकर सेंटरमध्ये. पूर्वी हे सगळे विक्रेते रस्त्यावर गाड्या लावत. १९७१ ते १९८६ या काळात सरकारने त्यांना उचलून छपराखाली, नळ आणि गटार असलेल्या जागेत आणलं. आज अशी ११० च्या वर केंद्रं आहेत आणि २०२० मध्ये युनेस्कोने या हॉकर संस्कृतीची सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली. वारसा म्हटल्यावर काहीतरी देखणं डोळ्यासमोर येतं. प्रत्यक्षात ते आपल्या एसटी स्टँडच्या कँटीनसारखं दिसतं. वर गरगरणारे पंखे, जमिनीला घट्ट बसवलेली टेबलं, चहूबाजूंना लहान लहान गाळे. एका गाळ्यात एकच माणूस चाळीस वर्षं एकच पदार्थ करतोय. डुकराच्या बरगड्यांचं सूप विकणारा आणि बिर्याणी विकणारा यांच्यामध्ये फक्त उसाच्या रसवाल्याचा गाळा असू शकतो.

टेबल कोणाचंच नसतं. जागा धरायची तर टिश्यूपेपरचं पाकीट ठेवून जायचं. आपण बसमध्ये रुमाल टाकतो तसंच. (हे पाहिल्यावर मला पहिल्यांदा त्या देशाबद्दल आपुलकी वाटली.) ज्याने त्याने हव्या त्या गाळ्यावरून ताट आणायचं आणि एकत्र बसायचं. जेवण झालं की ट्रे उचलून मांडणीवर ठेवायचा. २०२१ पासून हे सक्तीचं आहे, न ठेवल्यास दंड होऊ शकतो. आणि ही मांडणी दोन प्रकारची असते. एक हलाल गाळ्यांच्या भांड्यांसाठी, दुसरी बाकीच्यांसाठी. भांडी वेगळी, धुणं वेगळं.

हे मी फोनवर सांगितलं तेव्हा पुण्यातला माझा एक मित्र चिडला. दलित घरातला, चळवळीत वाढलेला मुलगा. तो म्हणाला, "वेगळी भांडी? अरे, आमच्या आज्याला हॉटेलात वेगळा कप असायचा. तो बाहेर वळचणीला ठेवलेला असायचा आणि त्यानेच धुवायचा. तू कौतुक कशाचं सांगतोस?"

प्रश्न खरा होता. महाराष्ट्रात वाढलेल्या कोणालाही वेगळं भांडं म्हटलं की तो कपच आठवला पाहिजे. मी दोन दिवस त्या मांडण्यांकडे नीट बघत बसलो. मग लक्षात आलं की हलाल मांडणीवर ट्रे ठेवणाऱ्यांत चिनी आजीबाई आहेत, कॉलेजची पोरं आहेत, तमिळ टॅक्सीवाले आहेत. ज्याने नासी लेमाक खाल्लं त्याचा ट्रे हलालकडे. उद्या तोच माणूस डुकराचं सूप पिईल आणि ट्रे पलीकडे ठेवेल. कोण खातोय हे मांडणी विचारतच नाही, बशीत काय होतं एवढंच विचारते. त्या आज्याच्या कपात चहा तोच होता जो आतल्या कपात होता. वेगळा होता तो पिणारा. कप त्याच्यासाठी नेमलेला होता आणि तो काहीही प्यायला तरी कप बदलणार नव्हता.

मित्राला हे सांगितलं. तो म्हणाला, "ठीक आहे, पण लक्ष ठेव, वस्तूवरून माणसावर यायला वेळ लागत नाही." त्याचं हे वाक्य पुढे मला वारंवार आठवलं.

सिंगापुरात हलाल हा शब्द कोणीही उठून पाटीवर लिहू शकत नाही. मुस्लीम कायद्याच्या अंमलबजावणीसाठी तिथे १९६६ मध्ये एक कायदा झाला आणि त्यानुसार १९६८ मध्ये मुईस ही वैधानिक परिषद स्थापन झाली. मशिदी, जकात, हज, वक्फ सगळं तिच्याकडे. १९७८ पासून ती हलाल प्रमाणपत्र देते. माल कुठून आला, साठवण कशी, स्वयंपाकघरात दारू किंवा डुकराची चरबी येते का, भांडी वेगळी आहेत का, हे तपासलं जातं. खोटी पाटी लावणं गुन्हा आहे. मालक मात्र कोणत्याही धर्माचा असू शकतो. मॅकडोनाल्ड्सच्या तिथल्या दुकानांना १९९२ पासून हे प्रमाणपत्र आहे. चिनी मालकाचं, चिनी पदार्थांचं, हलाल प्रमाणपत्र असलेलं हॉटेल ही तिथे नवलाची गोष्ट नाही.

माझ्या सिद्धांताला इथे एक खोच आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. हे प्रमाणपत्र हवं असेल तर हॉटेलात मुस्लीम कर्मचारी ठेवावे लागतात, कारण आत पाळलं जातंय की नाही याची जबाबदारी जाणत्या माणसावर असावी अशी अट आहे. म्हणजे माणूस आलाच. माझं म्हणणं असं की ही अट आतल्या कामाच्या वाटणीची आहे आणि ती पाटीवर येत नाही. पण ती पूर्णपणे निरुपद्रवी आहे असंही मी म्हणणार नाही. लहान गाळेवाल्याला, जिथे नवरा-बायको दोघंच राबतात, ही अट आणि फी दोन्ही जड जातात.

म्हणून आणखी दोन पाट्या दिसतात. एक म्हणजे "डुक्कर नाही, चरबी नाही". ही अर्धी माहिती. चिकन कुठून आलं, सॉसमध्ये वाइन आहे का, हे ती सांगत नाही, पण निदान सांगते ते पदार्थाबद्दल सांगते. दुसरी, "मालक मुस्लीम". ही मला रुचत नाही. लावणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. प्रमाणपत्राची फी परवडत नाही, गिऱ्हाइकाला भरवसा द्यायचा आहे, तर तो आपली ओळख तारण ठेवतो. पण मालक मुस्लीम आहे म्हणून मसाला हलाल होत नाही, आणि नाही म्हणून हराम होत नाही. कोंबडी कशी कापली हे कोंबडीबद्दलचं विधान आहे.

आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. फॉर्म बनवताना ज्या माहितीची गरज नाही तिचा रकाना ठेवू नका. रकाना आला की तो भरला जातो, भरला की साठतो, आणि साठलेली माहिती कोणीतरी, कधीतरी, भलत्याच कामासाठी वापरतं. तेव्हा फॉर्म बनवणारा नोकरी सोडून गेलेला असतो. "मालकाचा धर्म" हा रकाना आपण आपल्या सोयीसाठी उघडला, तर पलीकडचा तो त्याच्या सोयीसाठी वाचणार.

खाण्याबद्दल दोन शब्द तरी लिहायला हवेत, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मी तीन महिने पाट्याच वाचल्या. लिटल इंडियातल्या टेक्का सेंटरमध्ये मी मी गोरेंग खाल्लं. नाव मलय, शेवया चिनी, परतणारा तमिळ मुसलमान, त्यात टोमॅटो, बटाटा, अंडं आणि लालभडक तिखट. भारतात हा पदार्थ मी कुठे पाहिला नाही आणि चीनमध्ये कोणी करत असेल असं वाटत नाही. तो बंदरात उतरलेल्या माणसांनी एकमेकांचा बाजार वापरून तयार केला. सुलतान मशिदीसमोर १९०८ पासून चालू असलेलं झमझम आहे, केरळी मुसलमानाने काढलेलं. तिथला मुर्तबक म्हणजे मोहम्मद अली रोडवरच्या बैदा रोटीचा थोरला भाऊ. पातळ पसरलेल्या रोटीत खिमा, कांदा, अंडं, चारी बाजूंनी घडी घालून तव्यावर. सोबत फेसाळ तेह तारिक, एका मगातून दुसऱ्या मगात हातभर उंचीवरून ओतलेला. आमच्या मिरजेतला चहावाला हे पाहून म्हणाला असता, यात नवीन काय?

आणि चिनी शाकाहारी गाळे. त्यांच्या पाटीवर बऱ्याचदा बौद्ध स्वस्तिक असतं. आमच्या टीममध्ये अहमदनगरचा एक जैन मुलगा होता, त्याला पहिल्या आठवड्यात वाटलं आपलं उपाशी मरण अटळ आहे. स्वस्तिक बघून तो आत गेला आणि कळलं की कट्टर बौद्ध शाकाहारात कांदा आणि लसूणही वर्ज्य. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मी विसरणार नाही. गाजर आणि बटाटा काढून टाकायला सांगताना मात्र खाणाखुणा कराव्या लागल्या. मीही त्या गाळ्यावर कितीदा तरी जेवलो. हलाल-हरामच्या शंका कमीत कमी जिथे येतात अशी ती जागा, आणि आपली मुलं तिथे फिरकत नाहीत, कारण पाटी चिनी आहे.

ऑफिसात आमची टीम लीड चिनी होती. तिच्या घरी ग्वानयिनची पूजा होते, म्हणून ती गायीचं मांस खात नाही. एक मलय सहकारी, एक तमिळ हिंदू, एक फिलिपिनो कॅथलिक, जैन मुलगा आणि मी. जेवायला निघताना ती फक्त एवढंच विचारायची, "सगळ्यांना चालेल असं कुठे?" यावर अर्धा मिनिट चर्चा व्हायची, जशी पार्किंगबद्दल होते. कोणी कोणाला समजूतदारपणाचं प्रमाणपत्र दिलं नाही, कोणी "तुमच्यामुळे आम्हाला" असं म्हटलं नाही. मोठं जेवण असेल तर हलाल केटररकडून मागवायचं आणि शाकाहारी डबे वेगळे, ही रीत ठरलेली होती.

हे वाचून सिंगापूर म्हणजे जन्नत असं कोणाला वाटू नये. २१ जुलै १९६४ रोजी पैगंबर जयंतीच्या मिरवणुकीत तिथे मलय आणि चिनी यांच्यात दंगल पेटली आणि माणसं मेली. त्या भीतीतून पुढचं बरंच काही उभं राहिलं. सरकारी इमारतींत कोणत्या वंशाची किती घरं याचे कोटे १९८९ पासून आहेत, धर्मावरून चिथावणी देणाऱ्याला आवरण्याचा कायदा १९९० चा. मोर्चा काढायला परवानगी लागते. मुस्लीम परिचारिकांना ड्यूटीवर डोकं झाकायची मुभा मिळायला नोव्हेंबर २०२१ उजाडलं. तिथला सलोखा बराचसा सरकारने घडी घालून ठेवलेला आहे, आणि घडी मोडू नका अशी पाटी त्यावर न लिहिताही वाचता येते.

आणि त्या टेबलावर सगळे नसतात. इमारती बांधणारे बांगलादेशी आणि तमिळ मजूर शहराबाहेरच्या वसतिगृहांत राहतात. त्यांच्यातल्या अनेकांचं दुपारचं जेवण पहाटे शिजून पाकिटात बांधलेलं येतं आणि दुपारपर्यंत त्या दमट उकाड्यात पडून राहतं. रविवारी ते लिटल इंडियात दिसतात, मशिदीत, मनी ऑर्डरच्या रांगेत, गवतावर गोल करून बसलेले. त्यांचं जेवण हलाल असतं की नाही हा प्रश्न नंतरचा. ते आंबलेलं असतं.

आता घरी येऊ. आपल्याकडे पदार्थाची पाटी नाही असं नाही. पाकिटावरचा हिरवा ठिपका ही फार चांगली पाटी आहे. बिस्किटात अंडं आहे का, चॉकलेटमध्ये जिलेटिन आहे का, हे ती सांगते, आणि परदेशात प्रत्येक पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचताना मला त्या ठिपक्याची किंमत कळली. ठिपका बनवणाऱ्याची जात सांगत नाही. पण तोच "शाकाहारी" शब्द हॉटेलच्या दारावर असतो तेव्हा माझ्या सोयीचा असतो आणि हाउसिंग सोसायटीच्या दारावर गेला की माझ्या तोंडावर बंद होणारं कुलूप होतो. पुण्यात भाड्याने घर शोधलेल्या कोणालाही हे समजावून सांगायची गरज नाही. तिथे मी भेंडी खातो की बोंबील, याच्याशी कोणाला देणंघेणं नसतं. नाव विचारलं जातं आणि कारण म्हणून आहार सांगितला जातो.

जुलै २०२४ मध्ये मुजफ्फरनगरच्या पोलिसांनी कावड यात्रेच्या रस्त्यावरच्या ढाब्यांना आणि फळगाड्यांना मालकाचं नाव लिहायला लावलं. आंब्याच्या गाडीवर माणसाचं नाव. आंबा शाकाहारी आहे याबद्दल कोणालाच शंका नव्हती. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम स्थगिती दिली. त्यात म्हटलं की विक्रेता कोणत्या प्रकारचं अन्न देतो हे लिहायला सांगता येईल, मालकाचं आणि नोकरांचं नाव लिहायची सक्ती करता येणार नाही. मला हा आदेश फार नेमका वाटतो. रेष जिथे ओढायला हवी तिथेच ओढली आहे. पुढच्या वर्षी तोच वाद क्यूआर कोडचं रूप घेऊन परत आला, हे वेगळं.

त्याच उत्तर प्रदेशात नोव्हेंबर २०२३ मध्ये हलाल प्रमाणपत्र असलेल्या वस्तूंच्या उत्पादन-विक्रीवर बंदी आली. निर्यातीला मात्र सूट. म्हणजे दुबईच्या गिऱ्हाइकाला पदार्थाची माहिती मिळावी, कानपूरच्या नको. पाटी काढायची तर पदार्थाची, आणि लावायची तर माणसाची.

महाराष्ट्रातही मार्च २०२५ मध्ये मटणाच्या दुकानांसाठी "मल्हार" प्रमाणपत्र आलं, राज्याच्या एका मंत्र्यांनी जाहीर केलं. त्याचे दोन भाग आहेत आणि ते मी वेगळे करून बघतो. झटका मटण हवं असणाऱ्याला ते झटका आहे हे कळलं पाहिजे. यात माझी काहीच हरकत नाही. शीख धर्माची मर्यादा पाळणारा माणूस हलाल खात नाही, त्याचा हा हक्क माझ्या हक्काइतकाच आहे, आणि हलाल न सांगता त्याच्या ताटात येत असेल तर त्याची तक्रार रास्त आहे. दुसरा भाग, विकणारा हिंदूच असावा. हा मटणाचा गुण नाही.

आपल्या आजोबांना हे सगळं विचित्र वाटलं असतं. गावगाड्यात मुलाणी होता. जत्रेचा, नवसाचा बोकड तो कापायचा, त्याबदल्यात त्याला वाटा मिळायचा, आणि ते मटण मराठ्यांच्या, धनगरांच्या, माळ्यांच्या घरात शिजायचं. कित्येक गावांत मुलाण्याने सुरी फिरवल्याशिवाय बोकड कापायचा नाही अशीच रीत होती. मी जुना काळ सोन्याचा होता म्हणत नाही. त्याच गावगाड्यात माझ्या मित्राच्या आज्याचा कप वळचणीला होता. पण मटणाच्या बाबतीत एवढं खरं, की कापण्याच्या पद्धतीवरून माणसांची फाळणी तिथे झाली नव्हती.

या सगळ्यावर आपली प्रतिक्रिया काय आहे? मला ती आवडत नाही, म्हणून सांगतो. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुकानांच्या याद्या फिरतात. "आपल्याच माणसाकडून घ्या." भाजी, मोबाईल रिचार्ज, पंक्चर, सगळ्याच्या. बहिष्काराला उत्तर म्हणून हे सुरू होतं, राग समजण्यासारखा आहे, ज्याची गाडी उलटवली त्याला मदत केलीच पाहिजे. पण मदत करणं वेगळं आणि बाजाराचे दोन बाजार करणं वेगळं. आपण चौदा-पंधरा टक्के आहोत. दोन बाजार झाले तर लहान बाजार कोणाच्या वाट्याला येईल, याला इंजिनीअरिंगची पदवी लागत नाही. आणि आपण हॉटेलात शिरल्यावर वेटरला मेनूबद्दल काही न विचारता आधी त्याचं नाव विचारतो, तेव्हा मुजफ्फरनगरच्या आदेशावर बोलायचा आपला आवाज बसतो.

विचारायचं ते असं विचारावं: मटण कुठून येतं? तळायचं तेल एकच आहे का? सॉसमध्ये वाइन आहे का? सिंगापुरातला चिनी गाळेवाला या प्रश्नांना कंटाळत नाही. उलट "हे तुला नाही चालणार, ते घे" म्हणून बोट दाखवतो. पुण्यातला हॉटेलवालाही कंटाळत नाही, विचारून बघा. जैन माणसं पिढ्यान्‌पिढ्या विचारत आली आहेत आणि त्यांच्यासाठी पावभाजीचा वेगळा तवा निघाला. ती लाजली असती तर निघाला नसता.

परत आल्यावर आमच्या पुण्याच्या टीमच्या महिन्याच्या जेवणाचा फॉर्म माझ्याकडे आला. त्यात एकच प्रश्न असायचा, व्हेज की नॉनव्हेज. मी तो काढून "तुम्ही काय खात नाही?" असा मोकळा रकाना ठेवला. धर्माचा नाही, कारणाचा नाही. बावीस उत्तरं आली. गुरुवारी काहीच मांसाहार नाही, शेंगदाण्याची ॲलर्जी, अंडं चालतं पण वास येता कामा नये, श्रावण संपेपर्यंत नाही, वांगं (याचं कारण बहुधा बालपणात असावं), मशरूम, माझं "हलाल नसलेलं मांस", आणि नव्याने आलेल्या नांदेडच्या सरदारजींचं "हलाल मांस".

शेवटची दोन उत्तरं वाचून सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी आणि तो यादी घेऊन कँटीनमध्ये बसलो. चिकन बाद, मटण बाद. मासा मात्र ना हलाल करावा लागतो ना झटका. औंधला एक मालवणी खानावळ आहे, तिथे सोलकढी चांगली मिळते, शाकाहारी थाळीही आहे. गुरुवार सोडून शुक्रवार ठरवला, जुम्याच्या नमाजानंतर दोनची वेळ. आम्ही दोघांनी सुरमई घेतली आणि त्याने माझ्यापेक्षा दोन तुकडे जास्त खाल्ले. पुढच्या महिन्याचा फॉर्म पाठवायचा आहे, पण सध्या समुद्रातली मासेमारी बंद आहे आणि सुरमईचा भाव बघून आमच्या मॅनेजरने बिलाची मर्यादा विचारली आहे.